स्ट्रीट फायटर आणि स्ट्रीट फायटर २ : तुलना

स्ट्रीट फायटर (१९८७) आणि स्ट्रीट फायटर २ : द वर्ल्ड वॉरियर (१९९१) हे कॅपकॉम या जपानी कंपनीने आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांसाठी, तयार केलेले दोन लढतीचे व्हिडिओ गेम आहेत. दुसरा खेळ पहिल्याचा उत्तरभाग आहे. समोरासमोर उभे ठाकलेले दोन लढवय्ये आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याचा नियम ही चौकट दोन्हींत समान आहे. मात्र पहिल्या खेळाचा भर यंत्राला हरवण्यावर, तर दुसऱ्याचा भर दोन माणसांमधील सामन्यावर आहे.

निर्मिती

पहिल्या खेळाचे दिग्दर्शन ताकाशी निशियामा यांनी, तर नियोजन हिरोशी मात्सुमोतो यांनी केले. त्यानंतर दोघेही कॅपकॉम सोडून एसएनके या कंपनीत गेले. उत्तरभागाची रचना अकिरा निशितानी व अकिरा यासुदा यांनी केली. योशिकी ओकामोतो हे निर्माते होते.

पात्रे

पहिल्या खेळात एकटा खेळाडू रियू या पात्राकडून लढतो आणि दुसरा खेळाडू आल्यास त्याला केन मिळतो. दोघांचे रूप वेगळे असले तरी डावपेच एकच आहेत. जपान, अमेरिका, इंग्लंड, चीन आणि थायलंड या पाच देशांतील दहा प्रतिस्पर्धी यंत्राच्या ताब्यात असतात. खेळाडूला ते निवडता येत नाहीत.

उत्तरभागात निवडीसाठी आठ पात्रे आहेत. रियू व केन बरेचसे सारखे असले तरी इतरांची लढण्याची रीत भिन्न आहे. सोव्हिएत कुस्तीगीर झँगिएफला प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ जावे लागते. भारतीय योगी धालसिम हातपाय लांबवून दुरूनच प्रहार करतो. चुन-ली ही मालिकेतील पहिली स्त्री लढवय्यी आहे. मूळ आवृत्तीत दोन खेळाडूंना एकच पात्र घेता येत नसल्याने आठ पात्रांच्या २८ जोड्या होतात. यामुळे पात्राची निवड हाच डावपेचाचा भाग बनला. मात्र ही विविधता अनेकदा देशांच्या ठोकळेबाज प्रतिमांवर उभी आहे. धालसिमच्या गळ्यातील कवट्यांची माळ हे त्याचे उदाहरण होय.

नियंत्रण

पहिल्या खेळाच्या एका यंत्रावर ठोसा व लाथ यांसाठी दाबाचे मोजमाप करणाऱ्या दोन गाद्या होत्या. गादीवर जितका जोर, तितका फटका प्रबळ. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर त्याऐवजी सहा बटणे होती : हलका, मध्यम आणि जोरदार असे तीन ठोसे व तशाच तीन लाथा. उत्तरभागाने हीच सहा बटणांची रचना स्वीकारली.

हादोकेन, शोर्युकेन यांसारखे विशेष डाव पहिल्याच खेळात होते. ते साधणे अवघड होते. पण साधले तर प्रतिस्पर्ध्याची बरीचशी शक्ती एका फटक्यात संपे. उत्तरभागात ते साधणे सोपे झाले आणि त्यांचा मारा सौम्य करण्यात आला. परिणामी एखाद्या डावापेक्षा अंतर, वेळ आणि प्रतिस्पर्ध्याचा अंदाज यांना महत्त्व आले.

सलग फटके

एका फटक्याची हालचाल मध्येच तोडून लगेच दुसरा मारण्याच्या तंत्राला कॉम्बो म्हणतात. उत्तरभागात ते हेतुपुरस्सर योजलेले नव्हते. मोटार फोडण्याच्या टप्प्याची तपासणी करताना नोरिताका फुनामिझु यांच्या ते लक्षात आले आणि निर्मात्यांनी ते तसेच ठेवले. पुढे कॉम्बो हे लढतीच्या खेळांचे प्रमुख वैशिष्ट्य ठरले.

प्रभाव

उत्तरभागाची सुपर निन्टेन्डोवरील १९९२ ची आवृत्ती ६० लाखांहून अधिक प्रतींत विकली गेली. त्याच वर्षीच्या चॅम्पियन एडिशनमध्ये यंत्राच्या ताब्यातील चार अंतिम प्रतिस्पर्धीही निवडता येऊ लागले आणि एकाच पात्राच्या दोघांत सामना शक्य झाला. पहिल्या खेळाने मालिकेला रियू, केन, सगाट आणि विशेष डाव दिले. त्यांना माणसांमधील स्पर्धेचे रूप उत्तरभागाने दिले.