कुठेही न लिहिलेली किल्ली

संपादकांनी किन्से संस्थेवर लिहायला सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर लैंगिक वर्तनावरचे तिचे दोन जाडजूड ग्रंथ होते: १९४८ चा पुरुषांवरचा आणि १९५३ चा स्त्रियांवरचा. वाचता वाचता मी अडकले मात्र एका कागदापाशी.

आल्फ्रेड किन्से मूळचे कीटकशास्त्रज्ञ. ओकच्या झाडांवर गाठी करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या त्यांनी लाखोंनी गोळा केल्या. १९३८ मध्ये इंडियाना विद्यापीठात ते विवाहाविषयीचा वर्ग घेऊ लागले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या साध्या शंकांनाही शास्त्राकडे उत्तरं नाहीत, हे त्यांना जाणवलं. मग माणसांकडेही ते तसेच वळले: आधी गोळा करायचं, मोजायचं. १९४७ मध्ये विद्यापीठाच्याच गावी, ब्लूमिंग्टनला, संस्था उभी राहिली.

तो कागद म्हणजे मुलाखतीत सांगितलेलं एका माणसाचं सगळं लैंगिक आयुष्य एका पानावर. नुसत्या चौकटी, त्यांत खुणा नि आकडे. शेकडो प्रश्न मुलाखतकाराला तोंडपाठ. खुणांचा अर्थ लावायची किल्ली कागदावर उतरवलेलीच नव्हती. ती किन्से आणि त्यांचे सहकारी पोमरॉय, मार्टिन, गेबहार्ड अशा मोजक्या डोक्यांत होती. कागद चोरीला गेला तरी चोराच्या हाती खुणाच लागणार. प्रश्नांची घडणही विलक्षण. ‘हे कधी केलंय का?’ असं ते विचारत नसत; ‘पहिल्यांदा केलंत तेव्हा वय काय होतं?’ असं विचारत. कबुलीचं ओझं उरत नसे, नाकारायचं तर मात्र मुद्दाम बोलावं लागे. अशा सुमारे १८,००० मुलाखती झाल्या, त्यांतल्या ८,००० च्या घरात एकट्या किन्सेंनी घेतल्या.

अनोळखी माणसांनी टाकलेला हा विश्वास मला थोर वाटतो, म्हणूनच पुढचं फार सलतं. आपणहून बोलायला आलेली माणसं म्हणजे सगळा समाज नव्हे, हा संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप खराच होता. तुरुंगातले कैदीही त्या मोजणीत होते. पण त्याहून जड गोष्ट वेगळी. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाच्या नोंदी किन्सेंनी स्वीकारल्या, १९४८ च्या ग्रंथात वापरल्या आणि गुप्ततेचा तोच शब्द पाळून त्याला पाठीशी घातलं. घाबरलेल्या तरुणाची लाज आणि या माणसाचा गुन्हा एकाच कुलपात गेले. चौकटींना फरक कळणार नव्हता. किल्ली ज्यांच्या डोक्यात होती त्यांना कळायला हवा होता.

१९५४ मध्ये या संशोधनाला मिळणारा रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा थांबला, १९५६ मध्ये किन्से गेले. २०२३ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळाने संस्थेला राज्याचा निधी वापरायला बंदी घातली, तेव्हा सभागृहात त्याच मुलांचा विषय निघाला होता.