बेळगाव ते इंदूर : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

व्यापाऱ्याच्या जमाखर्चात रुपये, आणे, पैसे यांस जितके स्थान, तितकेच वेळेसही असावयास पाहिजे. दुकान दोन दिवस बंद राहिले तर काय तूट येते, हे आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. बेळगावकडील मंडळींचे कापड बाजार, सराफी आणि सोयरिकी यांच्या निमित्ताने इंदुराशी संबंध असतात. म्हणून या दोन विमानतळांमधील प्रवासाचा हिशेब येथे मांडीत आहोत.

बेळगावचा सांबरा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, लष्करी उपयोगासाठी बांधला गेला. इंदूरचा विमानतळ बिजासन टेकडीनजीक असून पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करतो. दोहोंमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७७० किलोमीटर, म्हणजे ४१५ सागरी मैलांच्या आसपास भरते. हमरस्त्याने पुणे, धुळे, सेंधवा असे गेल्यास तेच नऊशे किलोमीटरांच्या वर जाते. ताशी पंचावन्नची सरासरी धरली तरी सोळा-सतरा तास मोटारीतच जातात; भोजन-विश्रांती निराळी.

जेट विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या मानाने हे अंतर तासाभराचेच. परंतु वेळापत्रकात सव्वा ते दीड तास धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे व रांगेत थांबणे यांचा काळ त्यात मिळतो. मार्ग बहुतांशी दक्षिणोत्तर असल्याने उंचावरील पश्चिमेचा वारा आडवा लागतो. सबब जाण्यायेण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. घरून निघण्यापासून बाजारात पोहोचेपर्यंत चार-साडेचार तास धरावे, हे उत्तम.

थेट विमान नसेल तर? मुंबईमार्गे हवाई अंतर सुमारे ९०७ किलोमीटर होते. वाढ १३७ किलोमीटरांची, म्हणजे पाचवा हिस्साही नव्हे. वेळ मात्र दुप्पट होऊ शकतो, कारण मुंबईत दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागते. तात्पर्य, वेळ जातो तो अंतरामुळे नव्हे, तर खोळंब्यामुळे.

लहान शहरांस जोडण्यासाठी केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आखली. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडाले. याच योजनेखाली जानेवारी २०२० मध्ये कोल्हापूरकडील घोडावत उद्योगसमूहाच्या ‘स्टार एअर’ने बेळगाव-इंदूर अशी थेट सेवा पन्नास आसनांच्या विमानाने सुरू केली. योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवून तूट भरून काढण्यासाठी साहाय्य दिले जाते. पण ते तीन वर्षांपुरते. मुदत संपली की मार्गास स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते आणि आसने रिकामी राहिली तर तो बंद पडतो. वेळापत्रकही वर्षातून दोनदा, मार्चअखेर व ऑक्टोबरअखेर, बदलते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

ज्या पेठेत गिऱ्हाईक नाही, तेथे दुकान टिकत नाही. विमानमार्गाचेही तसेच आहे. दोन्ही गावच्या व्यापारी मंडळींनी खरेदी, सभा व लग्नकार्ये यांच्या तारखा आगाऊ ठरवून तिकिटे एकत्र काढली, तर लहान विमानाची आसने भरण्यास वेळ लागणार नाही. थेट मार्ग हवा असेल, तर तो चालता ठेवण्याचा भार काही अंशी आपणांवरही आहे, हे आपण ध्यानी घ्यावे, एवढीच विनंती.