दप्तर उघडणारी किल्ली

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवस मावळला, की तो उंबरठ्यावर ठेचकाळे. मी त्याला धांदरट म्हणून रागवायचो. एके दिवशी त्याची आई म्हणाली, "गुरुजी, तेका रातीचा दिसणा नाय." मी खजील झालो. त्याला रातांधळेपणा होता. डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दिला. थोड्याच दिवसांत तो काळोखात नीट चालू लागला.

हे जीवनसत्त्व डोळ्याच्या पडद्याला मंद उजेड टिपायला मदत करते. पण त्याचे दुसरे काम याहून नवलाचे आहे बरं का!

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या पोटात शरीराचे दप्तर असते. कातडी कशी बनवायची, डोळा ओला कसा राखायचा, सगळे त्यात असते. एकेका नोंदीला जनुक म्हणतात. तलाठी सगळे कागद एकदम काढतो का? नाही. लागेल तोच काढतो. पेशीचेही तसेच.

काही जनुकांपाशी दोन राखणदार जोडीने बसतात. ते प्रथिनांचे असतात. ते नोंद मिटून ठेवतात. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीर एक आम्ल बनवते. कुलपात किल्ली बसावी, तसे ते राखणदाराच्या खाचेत बसते. मग राखणदाराचा आकार बदलतो. अडवणारे सोबती दूर होतात, मदतीचे येतात. नोंद उघडते, तिची नक्कल निघते आणि काम सुरू होते. १९८७ साली फ्रान्सचे पिएर शाँबाँ आणि अमेरिकेचे रोनाल्ड एव्हन्स या दोघांनी स्वतंत्रपणे हा राखणदार शोधला.

किल्लीच नसली तर? डोळा कोरडा पडतो. पुढे बुबुळाला जखम होते. मग डोस देऊनही गेलेली नजर येत नाही.

मोरीच्या यकृतात हे जीवनसत्त्व भरपूर. दुसऱ्या महायुद्धात विलायतेहून कॉड माशाचे तेल येईना, तेव्हा आपल्या देशात मोरीचे तेल काढू लागले. पण तेलच हवे असे नाही. शेवग्याचा पाला, पावसातला टाकळा, तांबडी भाजी, लाल भोपळा, पपई यांतल्या रंगापासून शरीर ते बनवते. भाजीत चून घाला. खोबऱ्याच्या स्निग्धपणाने ते अंगी लागते.

अतीही वाईट. पोटातल्या बाळाची घडण याच किल्लीवर चालते. ती फार झाली तर बाळात व्यंग राहू शकते. म्हणून गरोदर बाईने याच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

मुलांना मात्र सरकारी डोस मिळतो. ही योजना १९७० सालची. पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवराच्या लशीबरोबर. दुसरा दीड वर्षाच्या सुमारास. पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. मिळून ९ डोस. मुलाच्या कार्डावर ते मोजून पाहा.