चित्रफीत अडखळते तेव्हा

साताऱ्याजवळच्या कास पठारावरील फुले आणि सांगलीचा आयर्विन पूल यांचे मोबाइलवर केलेले चित्रण वर्गासाठी संपादित करताना संगणक अडखळतो. यंत्र जुने झाले, असे आपण चटकन म्हणतो. आधी थोडा हिशेब करू.

एका चौकटीत १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी ३ बाइट. म्हणजे सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर साडेपंधरा कोटी! एवढे साठवणे परवडत नाही. म्हणून मोबाइल अधूनमधून एखादी चौकट पूर्ण ठेवतो, बाकीच्यांत फक्त बदल नोंदवतो. पूल जागचा हलत नाही, बदल थोडा. फुले वाऱ्यावर डोलतात, बदल पुष्कळ. मधलीच चौकट हवी असेल तर संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपासून हिशेब मांडत यावे लागते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवणारी, लहान आकाराची 'प्रॉक्सी' प्रत. काटछाट तिच्यावर करावी, अंतिम फीत मूळ चित्रणावरून काढावी. तरीही अडले तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी: आधी चित्रफीत, मग डिस्क. दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो.

आणि मूळ चित्रणाची दुसरी प्रत आधीच करून ठेवावी. कासची टोपली कारवी पुन्हा फुलायला सात वर्षे लागतात!