इंटर्नशिपचे वर्ष : शिकण्याचे की नुसत्या धावपळीचे?

सकाळी सहाची वेळ. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात राउंडआधी वीस-पंचवीस रुग्णांचे रक्त काढायचे, नळ्या प्रयोगशाळेत पोहोचवायच्या, कालचे रिपोर्ट शोधून केसपेपरला लावायचे. ही कामे बहुतेक वेळा इंटर्न डॉक्टरांच्या वाट्याला येतात.

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांनंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६, तर सामाजिक वैद्यकशास्त्राला १२ आठवडे दिले आहेत. केलेल्या कामाची नोंद लॉगबुकमध्ये ठेवावी लागते. नियम सगळ्यांना सारखेच. तरीही वर्षअखेरीस एक इंटर्न ‘खूप शिकलो’ म्हणतो आणि दुसरा ‘वर्ष वाया गेले’ म्हणतो. असे का?

कामाचे तास हे त्याचे एक कारण, पण पुरेसे नव्हे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या : माहिती असणे, कसे करायचे ते कळणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष रुग्णावर करणे. शेवटच्या दोन पायऱ्या चढायला शेजारी अनुभवी माणूस लागतो. जखमेला टाके घालताना वरिष्ठ जवळ उभे राहिले, नंतर ‘टाका फार घट्ट झाला, खालचे रक्ताभिसरण बिघडेल’ एवढे जरी बोलले, तरी तो धडा जन्मभर लक्षात राहतो. न पाहताच लॉगबुकवर सही झाली, तर पान भरते, पण हात तयार होत नाही.

नळ्या पोहोचवण्यासाठी पुरेसे कर्मचारी आहेत का, चूक कबूल केल्यावर समजावून सांगतात की चारचौघांत पाणउतारा होतो, यावरही बरेच अवलंबून असते. त्यात नीट-पीजीचे दडपण. ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. हाताचे कौशल्य तिथे मोजले जात नाही. मग इंटर्नची पावले वॉर्डाऐवजी वाचनालयाकडे वळतात.

अर्थात, समाधान म्हणजे कौशल्य नव्हे. काम कमी असलेली पोस्टिंगही अनेकांना आवडते. म्हणून ‘समाधानी आहात का?’ एवढे विचारून भागणार नाही. ‘हे काम तुम्ही कुणाच्या देखरेखीखाली, किती वेळा केले?’ हेही विचारायला हवे.

हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. राज्यातील सरकारी महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. त्यातले अनेक जण प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतात. तिथे मध्यरात्री बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल, तर विचारायला जवळ वरिष्ठ असतीलच असे नाही. तेव्हा उपयोगी पडते ते इंटर्नशिपमध्ये कुणीतरी शेजारी उभे राहून शिकवलेले.