चाचणी रुग्णाच्या जवळ यावी

बदलापूरजवळच्या सोनिवलीत राहणाऱ्या कर्करुग्णाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किरणोपचार घ्यायचे असतील, तर आजाराइतकाच प्रवासाचाही विचार करावा लागतो. घरोघरी ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, तो हा उपचार यंत्राखाली काही मिनिटांत आटोपतो. परंतु तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि पुष्कळदा सहा-सात आठवडे चालतो. सोनिवलीहून रिक्षा, बदलापूरहून लोकल, मग परतीची गर्दी. यांत दिवसाचे चार तास सहज सरतात. सोबत येणाऱ्या आप्ताची रोजची कमाई बुडते ती वेगळीच.

हे अंतर उपचाराच्या आड येते, तसेच संशोधनाच्याही आड येते. किरणांची मात्रा किती असावी, ती किती दिवसांत द्यावी, शरीराचा कोणता भाग वाचवावा, या प्रश्नांची उत्तरे क्लिनिकल ट्रायल म्हणजे वैद्यकीय चाचणीतूनच मिळतात. ‘चाचणी’ म्हणताच ‘माणसावर प्रयोग’ अशी धास्ती वाटते. प्रत्यक्षात किरणोपचाराच्या पुष्कळशा चाचण्यांत प्रचलित उपचाराची तुलना दुसऱ्या एखाद्या पद्धतीशी केली जाते. कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत मिळणार, हे चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरते, म्हणून निष्कर्षात पक्षपात राहत नाही.

अशा चाचण्यांचे फळ आपल्याकडेच दिसले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांचा अभ्यास टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने झाला. किरण अधिक नेमकेपणाने दिल्यास आतड्यांचा दीर्घकालीन त्रास तीन वर्षांत ४२ टक्क्यांवरून सुमारे २१ टक्क्यांवर येतो, असे त्यात आढळले. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगातही असाच अभ्यास झाला. ग्रंथीबरोबर ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही किरण दिल्यास पाच वर्षांपर्यंत रक्तात रोग परतल्याची खूण न दिसणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ८१ वरून ९५ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता.

परंतु या उत्तरांना लागलेला काळ पाहावा. प्रोस्टेटच्या चाचणीत २२४ रुग्ण मिळण्यास नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१७ अशी जवळजवळ सहा वर्षे गेली. त्याच नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगावरील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणी सुरू झाली आणि जून २०१४ पर्यंत तिच्यात ४०९६ रुग्ण दाखल झाले. आजार निराळे, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ब्रिटनची चाचणी एका रुग्णालयाची नव्हती, ९७ रुग्णालयांची होती. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णालयांत किरणोपचार होतच नव्हते. त्यांनी आपले रुग्ण जवळच्या केंद्राकडे पाठवले. तीन आठवड्यांच्या १५ मात्रांऐवजी एका आठवड्यातील ५ मात्रा पुरतात, हे त्या चाचणीने दाखवले. दूरच्या रुग्णासाठी याहून मोठा दिलासा कोणता?

भारतात अशा एकजुटीची चौकट म्हणजे २०१२ मध्ये स्थापन झालेले नॅशनल कॅन्सर ग्रिड. आज तीनशेहून अधिक कर्करोग केंद्रे व संस्था त्यात सहभागी आहेत. उपचाराचे समान निकष आखण्याबरोबरच अनेक केंद्रांनी मिळून संशोधन करावे, हाही त्याचा हेतू आहे. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने आखलेल्या ‘हायपोर्ट’ चाचणीत एका आठवड्याच्या उपचाराची पारख भारतीय स्त्रियांसाठी होत असून त्यासाठी २१०० रुग्णांचे उद्दिष्ट ठरले. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण शीत सगळ्या पातेल्यातले हवे. केवळ महानगरात मुक्काम परवडणारेच चाचणीत आले, तर निष्कर्ष गावातल्या रुग्णाला कितपत लागू पडेल?

रुग्णाचे हक्कही स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घ्यावी लागते. रुग्ण केव्हाही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या उपचारात उणेपणा येता कामा नये. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत कोणती चाचणी कोणत्या केंद्रात चालू आहे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते.

म्हणून निदान झाल्यावर कुटुंबाने डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: या आजारावर चाचणी चालू आहे का, ती घराजवळच्या केंद्रात आहे का, आणि प्रवास व तपासण्यांचा खर्च कोण देणार? चाचणीत जावे की नाही, हा निर्णय रुग्णाचाच. व्यापारी कुटुंबांना याहून थोडे अधिक करता येईल. दुकानातील एखाद्या नोकरावर ही वेळ आली, तर सात आठवडे पगार चालू ठेवणे आणि रुग्णालयाजवळ राहण्याची सोय लावून देणे, एवढ्यानेही एका माणसाचा उपचार अर्धवट सुटण्यापासून वाचतो.