दुतोंड्या मारुती जे मोजत नाही

गोदावरीचे पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. ही मोजपट्टी पाण्याची उंची चोख दाखवते, पण ते पाणी कोणकोणत्या वाटांनी आले आणि पुढे कोठे तुंबणार, हे तिच्यावरून कळत नाही. नकाशावरची निळी पूररेषाही तशीच एकाच नदीपुरते बोलते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ही मर्यादा दरवर्षी ओलांडली जाण्याची शक्यता ४ टक्के असते, म्हणजे ३० वर्षांत निदान एकदा ती ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के भरते (‘पंचवीस वर्षांचा पूर’ हे नाव लोकांना उगाच निर्धास्त करते).

खरी गफलत गुणाकारात होते. गोदावरी आणि तिची उपनदी दारणा या दोघींना दहा वर्षांतून एकदा येणारे पूर परस्परांशी असंबद्ध मानले, तर दोन्ही एकाच वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक निघते. परंतु त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या दोन्ही पाणलोटांवर पावसाची तीच प्रणाली बरसत असल्याने प्रत्यक्षातली शक्यता दहात एकच्या बरीच जवळ सरकते, आणि दोन्ही नद्यांचे पाणी जिथे एकत्र येते, तिथली निफाड तालुक्यातील चांदोरी व सायखेडा ही गावे २०१६ व २०१९ मध्ये पाण्याखाली का गेली, याचा उलगडा होऊ लागतो. शहरातही हेच घडते: नदी फुगली की सरस्वती नाल्याचे तोंड दाबले जाते आणि जुन्या बाजारपेठेत पडणाऱ्या पावसाला उतरायला वाट उरत नाही.

धरणामुळे हे गणित सुटत नाही, उलट त्यात दुष्काळ येऊन मिसळतो. पूर अडवायचा तर गंगापूर धरणात पावसाळ्यात रिकामी जागा हवी, उन्हाळ्याची तहान भागवायची तर ते भरलेले हवे, आणि २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला गोदावरीवरच्याच, पण खालच्या अंगाला असलेल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर गंगापूरसारख्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. त्यामुळे एका जोखमीवरचा उतारा दुसरीला बळ देतो.

त्यात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीची भर पडते. गुरू आणि सूर्य सिंह राशीत असण्याचा काळ ऐन पावसाळ्यात येतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी पूर नसतानाही अरुंद वाटेवरील चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. २०२७ मधले पहिले अमृतस्नान २ ऑगस्टला ठरले आहे, आणि २०१६ चा महापूरही २ ऑगस्टलाच आला होता.